जोडवं काळं पडलं नाही

माझी नात डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या दिवाळीत घरी आली तेव्हा जेवताना बापाला सांगत होती, परदेशात म्हणे एका जातीची अळंबी असतात, ती खाल्ली की माणसाला भिंती हलताना दिसतात, आवाजाला रंग येतो, आणि त्यावर आता मोठेमोठे डॉक्टर अभ्यास करतायत. मी आमटी वाढत होते. म्हटलं, "परदेशात कशाला जायचं? आंदर मावळात गायरानावर उगवतात, शेणावर. मी खाल्लीत. सासऱ्यांना आणि नणंदेलाही खायला घातलीत."

मुलाचा घास हातात राहिला. सून म्हणाली, "आई, काहीतरीच काय बोलता?"

"बोलत कुठे आहे, केलंय," मी म्हटलं आणि पळी पातेल्यात ठेवली.

इतक्या वर्षांनी किती सहज निघालं ते वाक्य. हेच वाक्य एकदा भर दुपारपासून दिवेलागणीपर्यंत माझ्या तोंडातून नीट निघालं नव्हतं, आणि जेव्हा निघालं तेव्हा कुणी ते माझं मानलं नाही. नात मागे लागली, आजी लिहून काढ. म्हणून हे.

तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. त्यानंतर मला इतकं सगळं पुन्हा कधीच आलं नाही.

माझा जन्म लोणावळ्याचा. वडील रेल्वेत होते. घाट चढून आलेल्या गाडीचं जादा इंजिन सोडवायचं, घाट उतरणाऱ्या गाडीला लावायचं, हे त्यांचं काम. विजेची इंजिनं सुरू झाली तेव्हा मी फ्रॉकमध्ये होते, आणि जणू ती इंजिनं मीच आणवली अशा तोऱ्यात मैत्रिणींना दाखवत होते. मराठी चौथी पास झाले. स्टेशनवरची प्रत्येक पाटी मला वाचता यायची, आणि जिला ती येत नसे तिला वाचून दाखवल्याशिवाय मी सोडत नसे. अशा मुलीला आंदर मावळात दिली. वडगावला उतरायचं आणि तिथून चालत. उन्हाळ्यात अर्धा दिवस. पावसाळ्यात मध्ये नदी आडवी, मग तिच्या मर्जीवर.

आमचे हे देहूरोडला लष्कराच्या डेपोत लागले होते. लढाई सुरू होती, माणसं हवी होती. एकाआड एका रविवारी घरी यायचे, नदीला पाणी असलं तर तेही नाही. घरात सासू, सासरे आणि मी. सासरे न बोलणारे. दिवसातून त्यांच्या तोंडून जे चार शब्द निघत ते बैलाशी असत. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या मला नावाने हाक मारत नसत. "लोणावळ्याची मडमीण" म्हणत, आणि ते मला कौतुक वाटत असे. इतकी मी हुशार.

त्या श्रावणात नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आठवा सुरू होता. माझ्याच वयाची, कुसगावला दिलेली. कुसगाव म्हणजे लोणावळ्याच्या शेजारचं गाव, म्हणून तिच्या सासरची सगळी बित्तंबातमी मला होती, आणि माझ्या माहेरची तिला. आमचं बरं जमत होतं. तिला डोहाळा लागला अळंबीचा. श्रावणात आमच्याकडे मटण शिजत नाही, मग अळंबी हेच श्रावणातलं मटण. कांदा-खोबऱ्याचं वाटण लावलं की तसंच लागतं.

अळंबीची एक रीत होती. ती वारुळावर उगवतात, वर छत्री आणि खाली जमिनीत हातभर गेलेलं मूळ. प्रत्येक घराचं वारूळ ठरलेलं आणि ते कुणी कुणाला दाखवत नाही. घरातल्या नव्या सुनेलासुद्धा नाही. पहिली दोन-तीन वर्षं सासू पहाटे एकटी जाते, पदरात घेऊन येते आणि सूनबाईने फक्त निवडायची. सुनेला मूलबाळ झालं की मग एकदा तिला बरोबर नेतात. म्हणजे ती आता माहेरी जाऊन सांगणार नाही, असा विश्वास बसल्यावर. माझ्यावर तो बसायला बराच वेळ होता. माझं माहेर तर स्टेशनावर, तिथून बातमी थेट मुंबईला जायची.

त्या वर्षी आत्याबाई तीनदा जाऊन हात हलवत आल्या. कुणीतरी आमचं वारूळ ओळखलं होतं. नणंद तोंड बारीक करून बसे. आत्याबाई म्हणाल्या, "न्हाई मिळत तर न्हाई. दोडका खा."

आणि मी ठरवलं, की मी आणते.

त्या गुरुवारी आत्याबाईंचा उपास होता आणि त्या भाताची बेणणी करायला, तण काढायला, खाचरात गेल्या होत्या. मी गायरानात गेले. वारूळ काही दिसलं नाही. पण गुरं बसतात त्या उतारावर, पावसाने भिजून गेलेल्या जुन्या शेणाच्या पोवांवर, पिवळसर सोनेरी छत्र्या उभ्या होत्या. पोवामागून पोव. मी म्हटलं, बघा. ह्या बायका पहाटे उठून डोंगर हिंडतात, आणि इथे दारात पीक आलंय. एवढं कसं ह्यांना सुचलं नाही? मला सुचलं, कारण मी चौथी पास होते.

देठ खुडला की तिथे निळा डाग पडत होता. माझी बोटंसुद्धा निळी झाली. मी म्हटलं, जांभळाचा असेल. श्रावणात जांभळं कुठली, हे मी स्वतःला विचारलं नाही. वारुळाच्या अळंब्याचं लांब मूळ ह्यांना नव्हतं, हे मात्र मला कळलं, कारण घरी येताच मी सगळे देठ कापून शेणखईत टाकले. म्हणजे मला माहीत होतं. हे नीट लिहून ठेवते. मला कळत नव्हतं असं मी पुढे वर्षानुवर्षं स्वतःला सांगितलं, पण ज्याला कळत नाही तो देठ लपवत नाही.

आणि एक परीक्षा माझ्याजवळ होती. लोणावळ्याला आमच्या शेजारी एका फायरमनचं मुसलमान कुटुंब राहायचं. तिथली मावशी म्हणायची, विषारी अळंब्यात चांदी टाकली की चांदी काळी पडते. घरात चांदी म्हणजे माझ्या पायातली जोडवी. नवरा जिवंत असताना जोडवं काढायचं नाही, आणि पायातली वस्तू अन्नात घालायची नाही, ह्या दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या. मी डाव्या पायातलं एक काढलं, राख लावून तीनदा धुतलं आणि पातेल्यात सोडलं. रस्सा उकळला. पळीने वर काढून बघितलं. लख्ख. मी पुन्हा आत सोडलं, आणखी एक उकळी येऊ दे म्हणून, आणि मग वाढायची घाई झाली.

आता नात म्हणते, त्या परीक्षेला काही अर्थ नाही. जीव घेणाऱ्या अळंब्यातसुद्धा चांदी लख्ख राहते. "आजी, दुसरी जात निघाली असती तर चार दिवसांत तुम्ही तिघंही गेला असता." हे ती शांतपणे सांगते. डॉक्टर झाली खरी.

"कुटनं आणली?" नणंदेने विचारलं.

"वारूळ सापडलं मला," मी म्हटलं. "कुठलं ते सांगणार नाही."

ती हसली. दोनदा वाढून घेतलं तिने. सासऱ्यांनी भाकरी कुस्करून खाल्ली आणि पान पुसून काढलं, ही त्यांची पावती. मीही पोटभर जेवले.

भांडी घासायला बसले तेव्हा जांभया सुरू झाल्या. एकामागून एक, डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या. थंडी वाजल्यासारखं झालं. मग सारवणाकडे लक्ष गेलं. सकाळी मीच सारवलं होतं, माझ्याच बोटांच्या कमानी उमटल्या होत्या. त्या वाहत होत्या. एक कमान दुसरीत शिरे, दुसरी तिसरीत, आणि भिंतीपाशी पोचून वर चढे. मी हात लावला तर जमीन जिथल्या तिथे. हात काढला की पुन्हा वाहे. बाहेर खाचरं हिरवी होती, पण तो हिरवा रंग खाचरात राहीना, दारातून आत येऊन माझ्या पाटलीवर बसला. पागोळी पडत होती, तिचा प्रत्येक थेंब मला निरनिराळा ऐकू येत होता आणि प्रत्येकाला टोक होतं.

नणंद खांबाला टेकून बसली होती. म्हणाली, "वैनी, तुझ्या नाकाला काय झालं?"

"काय झालं?"

"चालत गेलं की."

आम्ही दोघी हसलो. किती वेळ हसलो सांगता येत नाही, कारण वेळ नावाची वस्तूच घरात राहिली नव्हती. खरं सांगते, तो भाग वाईट नव्हता. मला वाटलं मी, खांब, नणंद, तिच्या पोटातलं बाळ, सगळं एकाच पिठाचं आहे आणि मध्ये उगीच पानं घालून वेगळं ठेवलंय.

नातीने ह्याचं कारण सांगितलं ते दिवाळीतल्या त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी, आम्ही तूर निवडत बसलो होतो तेव्हा. म्हणाली, त्या अळंब्यातलं द्रव्य मेंदू स्वतःच जे एक द्रव्य निरोप पोचवायला वापरतो त्याच्यासारखं दिसतं, आणि त्याच्याच जागांवर जाऊन बसतं. आपल्याला वाटतं डोळे बघतात, पण मेंदू आधीच अंदाज बांधून बसलेला असतो, इथे भिंत आहे, भिंत हलत नाही. डोळ्यांनी आणलेली बातमी तो त्या अंदाजाशी ताडून बघतो आणि निम्मी टाकून देतो. ते द्रव्य आत गेलं की अंदाजाची पकड सुटते. मेंदूचे जे भाग एरवी एकमेकांशी फारसं बोलत नाहीत तेही बोलायला लागतात. आणि 'मी' म्हणून जे आपण धरून ठेवतो, तेच सैल पडतं.

मी म्हटलं, थांब, मला माझ्या पद्धतीने लावू दे. म्हणजे डोक्यात एक सासू असते. दारात बसून ठरवते, कुणाला आत घ्यायचं, कुणाला परत पाठवायचं, आणि कुठल्या सुनेने कुठल्या सुनेशी किती बोलायचं. ते अळंबं त्या सासूला माहेरी धाडतं.

नात म्हणाली, "असंच काहीतरी. पण आजी, सासू नसली की घरात चोरही शिरतात."

तेच झालं. आधी सासरे बिघडले. ते गोठ्यात बैलासमोर उकिडवे बसले होते आणि त्याच्या खुराला हात लावून रडत होते. "माझ्याकडनं लय चुकलं, दादा," ते बैलाला म्हणत होते. "लय वढलं तुला. मला कळलंच न्हाई." ज्या माणसाने लग्न होऊन गेल्या दीड वर्षात मला एक वाक्य पुरं बोलून दाखवलं नव्हतं, तो बैलाला वाक्यामागून वाक्य सांगत होता. नणंदेचं हसू तिथेच थांबलं. ती पोटाला दोन्ही हात लावून म्हणाली, "वैनी, हे आत चालतंय. मला दिसतंय." आणि ती मागे मागे भिंतीकडे सरकली.

त्या क्षणी मला लख्ख कळलं, की हे अळंब्याचं आहे. मी घातलंय. तिच्या बाळाला घातलंय.

आणि ते मला बोलता येईना.

जीभ जड नव्हती. शब्दही होते. मी 'अळंबी' हा शब्द उचलायची, तर तो इतका मोठा आणि चमत्कारिक दिसे की मी त्याच्याकडेच बघत बसायची. 'शेणावरची' उचलेपर्यंत पहिला हातातून गेलेला. बूड गेलेल्या पाटीने माती वाहावी तसं. भरते आहे, उचलते आहे, आणि पोचेपर्यंत काही नाही.

आत्याबाई खाचरातून आल्या त्या ह्या घरात. डोक्यावरचं इरलं तसंच, दारात उभ्या. नवरा बैलाच्या पाया पडतोय, लेक पोट धरून भिंतीला चिकटलीय, सून जमिनीवर हात फिरवून बघतेय.

"काय झालं? आगं काय झालं?" त्यांनी माझे खांदे धरून हलवले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांच्या सुरकुत्या नांगरासारख्या चालत होत्या. मी म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही किती दमलात." एवढं मात्र निघालं. ह्याची गरज नव्हती.

नदी भरलेली. पलीकडे जायचं तर दोन दिवस उतार नाही. कामशेत, तळेगाव, डॉक्टर, सगळं पलीकडे. त्यांनी शेजारणीला हाक मारली आणि खालच्या वाडीतल्या देवरशाला बोलावलं. त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या हातात तेवढंच होतं.

देवरशी म्हातारा, सगळे त्याला आबा म्हणत. भिजत आला, घोंगडी झटकली, तिघांकडे बघितलं.

"कवापासनं?"

"जेवल्यापासनं, आबा. मी उपाशी हाय, मला कायबी न्हाई झालं."

आबा मान हलवत म्हणाला, "उपाशी हाईस म्हणूनच न्हाई झालं. देवीनं तुझा उपास बघितला."

मी हे ऐकत होते. इतकं जवळ येऊन माणूस इतकं चुकतं कसं, असं वाटून मला हसू आलं. त्या हसण्याने सगळं ठरलं.

"हसती बघा," शेजारीण म्हणाली.

आणि तेवढ्यात आत्याबाईंची नजर माझ्या पायाकडे गेली. डाव्या पायाचं बोट उघडं. "जोडवं कुटं हाय तुझं?" मी चुलीकडे बघितलं. त्या उठल्या, पातेलं बघितलं, पळीने खरवडलं, आणि तळातून माझं जोडवं काढून आबासमोर धरलं. लख्ख.

"नवरा असताना जोडवं काढलं," आबा म्हणाला. "आन अन्नात टाकलं. आता आणखी काय सांगायचं ऱ्हायलं?"

मी काय परीक्षा केली होती ते सांगायला गेले. पाटीला बूड नव्हतं.

आबाने मिरच्या मागितल्या. निखाऱ्यावर टाकायच्या आणि धुरी द्यायची, म्हणजे अंगातलं बाहेर येतं. कुणाला आधी? पोटुशीला आधी. तिच्यात दोन जीव, तिथे जास्त ठाव घेतलेला असणार.

नणंद ओरडली. तिला मिरची म्हणजे काय ते कळत होतं. दोन बायकांनी तिला धरलं, डोक्यावर घोंगडी टाकली. निखारे आले. मला त्या निखाऱ्यांचे डोळे दिसत होते, पण त्या भीतीच्याही वर मला एक गोष्ट धडधडीत ठाऊक होती, की हे वाक्य बाहेर पडलं तर धुरी थांबेल. तेवढंच करायचं होतं मला. आयुष्यात पुढे मी पुष्कळ बोलले, घरचे म्हणतात जरा जास्तच बोलले, पण जे एकदा बोलायला पाहिजे होतं त्यासाठी मी आतल्या आत गुडघ्यांवर रांगत होते.

आणि ते निघालं. "शेणावरची," मी म्हटलं. मग, "अळंबी." मग सगळं मिळून, मोठ्याने, तीनदा. "शेणावरची अळंबी. शेणावरची अळंबी. शेणावरची अळंबी."

सगळे थांबले. निखारे धरलेली बाईही थांबली. मला वाटलं, सुटलो.

आबाने हात जोडले. आत्याबाईंनी जमिनीला डोकं लावलं.

"देवी मागती," आबा म्हणाला. "ऐकलंत का? शेणावरची मागती. वारूळ नागाचं, श्रावणात तितं हात लावल्याला तिला खपला न्हाई. दर श्रावणात शेणावरची अळंबी न्हेऊन ठेवा तिच्या म्होरं."

"ठिवते, आई," आत्याबाई माझ्या पायांना म्हणाल्या. "दर सालाला ठिवते. माझ्या लेकीला सोड."

मी म्हटलं, "मी आहे. मीच आहे."

"व्हय, आई. तूच हाईस," आबा म्हणाला आणि मिरच्या टाकल्या.

मग धूर. घोंगडीखाली ती खोकली, कोंडली, हात मारत राहिली. मी उठायला गेले तर पाय कुणाचे ते आठवेना. गोठ्यातून सासरे म्हणत होते, "मारू नगा. जनावराला मारू नगा." त्यांचंही कुणी ऐकलं नाही. शेवटी तिला मोठी ओकारी झाली, दोनदा, आणि ती आडवी झाली. "सुटलं," आबा म्हणाला. मला आणि सासऱ्यांना थोडी थोडी धुरी मिळाली, रीत म्हणून.

दिवे लागले तोवर भिंती जागेवर आल्या होत्या. अळंब्याचा जोर आपोआप ओसरतो, पाच-सहा तासांत. नारळ मात्र आबाला मिळाला.

सकाळी आत्याबाई चुलीपाशी होत्या. मी समोर जाऊन बसले. पाटीला बूड आलं होतं. म्हटलं, "आत्याबाई, ती अळंबी वारुळाची नव्हती. शेणावरची होती. मी खोटं बोलले. त्यानेच झालं सगळं."

त्या फुंकणी खाली ठेवत म्हणाल्या, "म्हाईत हाय. देवीनं सांगितलं की काल."

"देवी नव्हती. मी बोलत होते."

"तू?" त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. "तू कवापासनं खरं बोलाय लागलीस?"

त्यांनी जोडवं माझ्या हातात दिलं, म्हणाल्या, "घाल. आन परत हा इषय काढू नगंस." त्या श्रावणापासून त्या मरेपर्यंत दर वर्षी शेणावरच्या अळंब्यांची पानभर रास गावदेवीसमोर जायची, आणि ती खुडून आणायचं काम माझ्याकडे होतं, कारण देवी माझ्या तोंडाने बोलली होती. निळ्या बोटांनी मी ती खुडत असे. देवीला कधी काही झालं नाही.

पण बाळाचं काय?

मी रोज नणंदेला विचारायची, "वन्सं, हलतंय का?" ती माझा हात घेऊन पोटावर ठेवायची. कधी लाथ बसे, कधी काही नाही. "झोपलंय," ती म्हणे. झोपलंय की काय झालंय, हे बघायला त्या पोटाला खिडकी नव्हती. रविवारी पाणी उतरलं, आमचे हे आले. त्यांना गायरानात नेऊन सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. परत गेल्यावर डेपोतल्या कंपाउंडरला विचारून आले. तो म्हणाला होता, "बाळ झालं की बघू." तो काय बघणार होता कोण जाणे.

भाद्रपदात मुलगी झाली. दिवस भरून, रडत. मी सुईणीच्या हातून घेऊन हाताची, पायाची बोटं मोजली. बरोबर होती. डोळे उजेडाकडे वळत होते. मी त्या दिवशी पोटभर जेवले, आणि नणंद तीन महिन्यांनी कुसगावला गेली.

ती मुलगी दोन वर्षांची झाली तरी बोलेना. अडीच झाली. ऐकू सगळं यायचं, सांगितलेलं करायची, मांजराशी खेळायची. तोंडातून शब्द नाही. कुसगावात म्हणू लागले, देवीची पोर आहे, देवीने मुकी ठेवली असेल. नणंदेच्या सासूने एकदा पाण्यावर बायकांत म्हटलं म्हणे, असल्या कुशीचं पुढचं तरी काय निघणार. आणि नणंदेला पुन्हा दिवस गेलेले.

मी माहेरी लोणावळ्याला गेले की कुसगावला जायचीच. बरोबर गुडदाणी. त्या पोरीसमोर मांडी घालून बसायची, तिची हनुवटी धरून माझे ओठ दाखवायची. "आई म्हण. मामी म्हण. बघ, मा... मी..." ती माझ्याकडे टक लावून बघे, गुडदाणी चघळे. मला तिच्या त्या बघण्यात ती दुपार दिसायची. तिच्याही पाटीला मीच बूड ठेवलं नाही, असं वाटायचं. नातीला विचारलं मी, त्यानेच झालं असेल का गं. ती म्हणाली, "पुष्कळ मुलं उशिरा बोलतात, आजी. त्याने असेल, नसेल. आजही कुणी छातीवर हात ठेवून सांगणार नाही." मला तेव्हा वाटलं, ही दहा पुस्तकं शिकली आणि कंपाउंडरच्या पुढे फारशी गेली नाही. पण खरं बोलली. आमच्या घरात ते थोडं नवीनच.

पोर तीनच्या पुढे गेली तेव्हाची गोष्ट. पौष असेल, उन्हं अंगावर घ्यावीशी वाटत होती. ओट्यावर मी तिच्यासमोर बसलेली, नणंद शेजारी शेंगा फोडत होती. मी चालवलं होतं. "मामी म्हण. मा-मी." किती वेळ झाला होता कोण जाणे. तिची गुडदाणी खाऊन संपली, तिने हात फ्रॉकला पुसला, आणि माझ्या तोंडावर तळवा ठेवून ती स्वच्छ म्हणाली, "मामी, तू जा आता."

शेंगा फोडायचा आवाज थांबला.

मग मी रडले, आणि रडता रडता नणंदेला सगळं सांगितलं. गायरान, निळी बोटं, देठ शेणखईत टाकलेले, जोडवं. वाटलं, आता ही मला हाताला धरून घराबाहेर काढेल, आणि काढावंच.

ती म्हणाली, "म्हाईत हाय मला."

"काय माहीत आहे?"

"तू सांगितलं की तवाच. तीनदा सांगितलं. घोंगडीखाली हुते, पण कान हुते ना मला." तिने एक शेंग फोडली, दाणे तळव्यावर घेतले. "माझ्या तोंडात बी तेच वाक्य हुतं, वैनी. धुरी नगा, हे खाल्ल्यानं झालंय. येतच न्हवतं. तुझं तरी निघालं."

"मग नंतर का नाही बोललीस?"

"कुणाशी बोलू? आईनं देवीला कबूल केलेलं. आन देवीची म्हणून मला तीन महिनं कुणी सासरी धाडलं न्हाई." ती जराशी हसली, मग हसू गेलं. "पोटात काय झालंय ते मला बी रोज बघायचं हुतं. तू विचारायचीस, हलतंय का. मी झोपलंय म्हणायची. मला तरी कुटं ठावं हुतं?"

पोर माझ्याकडे बघत होती. मी अजून तिथेच आहे हे तिला पसंत नव्हतं. तिने पुन्हा तोंड उघडलं.

"जा," ती म्हणाली.

मी उठले. पदराने तोंड पुसलं, रिकामी पिशवी घेतली आणि निघाले. लोणावळ्यापर्यंत चालत गेले. घरी आईने विचारलं, पोर बोलली का गं? मी म्हटलं, बोलली. काय बोलली, ते काही मी तिला सांगितलं नाही.